औषधाचा डबा एकाच्याच हाती नको

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर निघाला की काही महिन्यांतच न बोलता ठरून जातं, त्याचं सगळं कोण बघणार. बहुधा आई, नाही तर बायको. गोळ्या तिनं द्यायच्या. नागपुरात कोराडी रोडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नाही तर मेडिकल-मेयोच्या ओपीडीत नंबर तिनंच लावायचा. तो रात्रभर येरझारा घालत असला की जागंही तिनंच राहायचं. बाकीचे फोन करून विचारतात, "काय म्हणते आता तब्येत?" माझं सांगणं या बाकीच्यांना आहे. भाऊ, नणंद, काका, शेजारी, तुम्हालाच.

सल्ले देऊ नका. "लग्न लावून द्या, ठीक होऊन जाईन" हा तर मुळीच नको; त्यात आणखी एक घर उद्ध्वस्त होतं. कुणी बाहेरचं बघायला घेऊन जात असेल तर तिथं भांडत बसण्यात अर्थ नाही. फक्त गोळी चुकणार नाही एवढं बघा. बरं वाटायला लागलं की गोळी सुटते आणि दोन-तीन महिन्यांनी आजार पुन्हा उसळतो, हे या आजारात फार घडतं. त्याआधी खुणा दिसतात. झोप उडते, आंघोळ टळते, तो खिडक्या लावून बसायला लागतो. तिच्याइतक्याच या खुणा तुम्हालाही माहीत हव्यात. त्याला आवाज ऐकू येत असतील तर "काही नाही तिथं" म्हणून हुज्जत घालू नका, होकारही देऊ नका. "तुला भीती वाटते ना, मी बसतो इथंच" एवढं पुरतं. चहात गोळी मिसळू नका. लपवून दिलेलं कळलं की तो घरचं खाणंच सोडतो. रोजची गोळी नको म्हणत असेल तर महिन्याचं इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

आपल्या नागपुरात उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. माणूस लिथियमवर असेल आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच, निर्जळी उपास नको, अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता नको. या आजारांवरच्या इतर काही औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे भर दुपारी त्याला कामाला पाठवू नका.

डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, हुशार आणि सुस्थितीतले. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला तेव्हा त्यांनाही कळलं की हे एकट्यादुकट्याचं काम नाही. पुण्यात 'सा' ही संस्था त्यांनी त्यातूनच उभी केली, याच आजारावरच्या 'देवराई' या चित्रपटामागेही तेच होते. अशा संस्थेत रुग्णांचे घरचे लोक एकत्र बसून बोलतात. तुमच्या वस्तीत असं काही नसेल तर ओपीडीच्या रांगेत भेटणारी तीन-चार घरं महिन्यातून एकदा एकत्र बसू शकतात. त्याला ना नोंदणी लागते ना हॉल.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली, आणि विमा कंपन्यांनी इतर आजारांसारखाच हाही आजार धरला पाहिजे असं सांगितलं. दिव्यांग प्रमाणपत्रही मिळू शकतं. या कागदांची धावपळ भावानं करावी, त्यासाठी आईला खेटे घालायला लावू नये. आजारी माणूस मरणाचं बोलायला लागला तर विषय बदलू नका, सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि शिल्लक गोळ्या कुलपात ठेवा आणि तडक दवाखान्यात न्या. १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तर आज वहिनीला फोन करा आणि ओपीडीची पुढची तारीख विचारून घ्या. त्या दिवशी तुम्ही जा, तिला झोपू द्या. तिचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी तपासलं होतं तेही विचारा, आणि "बघू पुढं" म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिलाही घेऊन जा.