हौदा उचलणाऱ्या यंत्राची जबाबदारी कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि डिचोली, सत्तरी, सांगे परिसरातील कित्येक ट्रक वर्षानुवर्षे उभे राहिले. 2022 च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, 2024 मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि टिपरही रस्त्यावर परतले. खनिज वाहतुकीची चर्चा मात्र भाडे, धूळ आणि वेग यांभोवतीच फिरते. हौदा उचलणाऱ्या यंत्रणेचा विषय त्यात अभावानेच येतो.

ही यंत्रणा 'पीटीओ', म्हणजे पॉवर टेक-ऑफवर चालते. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून हायड्रॉलिक पंपाला मिळते, पंप जॅकमध्ये तेल ढकलतो आणि हौदा वर जातो. माल रिकामा झाल्यावर पीटीओ बंद करणे विसरले, तर वाहन धावत असताना पंपही फिरत राहतो. तेल तापते, सील निकामी होतात आणि काही वाहनांत हौदा चालकाच्या नकळत वर सरकू शकतो. वर वीजवाहिनी असली, तर चूक जीवघेणी ठरते. अशा वेळी चालकाने केबिनमध्येच थांबावे, इतरांनी दूर राहून वीज खात्याला कळवावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर ट्रक आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी.

दुसरा धोका उचललेल्या हौद्याखाली असतो. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या वाहनांत तेलाच्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. नळी फुटली, की हौदा क्षणात खाली येतो. म्हणूनच हौदा रिकामा करून भक्कम टेकू लावल्याशिवाय खाली शिरू नये. टँकरसारख्या काही वाहनांत पीटीओचा फिरता दांडा उघडा असतो. मिनिटाला 1000 फेऱ्या घेणारा दांडा सेकंदाला सोळाहून अधिक वेढे घेतो. त्यात लुंगीचे टोक अडकले, तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही.

हे नियम अनुभवी चालकांना ठाऊक नसतात असे नाही. खनिज वाहतुकीचे भाडे टन आणि किलोमीटरवर ठरते. टेकू लावण्यात किंवा जागा सपाट आहे का हे पाहण्यात गेलेल्या वेळेचे मोल कोणी देत नाही. योग्यता तपासणीचा भर ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर यांवर असतो. कामगार सुरक्षेची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचे कर्तव्य ती मालकावर टाकते. परंतु येथे अनेकदा ट्रकमालकच चालक असतो. मग हे कर्तव्य ज्याच्याकडून पाळून घ्यायचे आणि ज्याच्यासाठी पाळायचे, ती व्यक्ती एकच ठरते.

त्यामुळे खाणीच्या फाटकावरची तपासणी हाच व्यवहार्य मार्ग उरतो. पीटीओ सुरू असल्याचा दिवा, हौदा वर असल्याचा भोंगा, टेकू आणि दांड्यावरचे आवरण यांचा खर्च ट्रकच्या किमतीपुढे नगण्य आहे. या चार गोष्टींशिवाय ट्रकला आत प्रवेश नाही, अशी अट खाणचालकांनी वाहतूक करारात घातली आणि त्यासाठी लागणारा वेळ भाड्यात धरला, तर सुरक्षा एकट्या चालकाच्या सावधपणावर अवलंबून राहणार नाही. भाडेवाढीच्या बोलणीत ट्रकमालक संघटनांनीही ही मागणी पुढे करायला हवी.