मजला चढवण्याआधी खालचे घर पाहा

पावसाळा सरला की कोकणात घरांची कामे निघतात. आखातातून सुट्टीवर आलेला मुलगा गवंड्याला बोलावतो आणि दोन दिवसांत ठरते : कौले उतरवायची, स्लॅब टाकायचा, वर मजला चढवायचा. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांत असे मजले उभे आहेत. त्यांतले बरेचसे वर्षातले दहा-अकरा महिने कुलूपबंद असतात, आणि खाली राहणारी आई मात्र भर पावसात, रात्रीच्या वेळी परसातल्या संडासाकडे जाते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की जुन्या घरावर खर्च करताना सुरुवात तिथे रोज राहणाऱ्या माणसापासून करावी.

पहिले काम न्हाणीघर आणि संडासाचे. आईवडिलांच्या खोलीला लागून ते बांधता आले तर वरच्या चार खोल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. दार किमान तीन फूट रुंद ठेवा, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची लागली तरी आत जाईल. फरशी खरबरीत, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, आणि वुजूसाठी बसायला ओटा व हाताशी नळ. उंबरा काढावा. ओटीला पायऱ्यांच्या बाजूने उतार करायचा असेल, तर एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते. त्याहून कमी जागेत केलेला उतार घसरगुंडी ठरतो.

आता छप्पर. जुन्या मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. वासे-रिपांना वाळवी लागली असेल तर तेवढे लाकूड बदलावे, फुटकी कौले बदलावीत, अंधाऱ्या माजघरावर दोन-चार काचेची कौले बसवावीत. स्लॅब आधीच पडला असेल, तर त्यावर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा किंवा मधे हवा खेळेल इतके अंतर ठेवून पत्र्याची शेड घालावी. ऊन आणि गळती दोन्हींना त्याने आळा बसतो.

भिंतींचेही तसेच. जांभा दगड पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात ते सोडून देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की आतली ओल अडकते, मग पोपडे आणि कुबट वास. जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा बरा. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके छप्पर बाहेर ठेवावे, विशेषतः पश्चिमेच्या बाजूला.

खोली वाढवायचीच असेल तर मागच्या बाजूला, स्वतंत्र पायावर वाढवा. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंती वरच्या मजल्याचा भार घेतील की नाही, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. इंजिनिअरला पाया उकरून पाहू द्यावा. जुने आणि नवे छप्पर मिळते तिथली पन्हळ रुंद ठेवावी, गळती तिथूनच सुरू होते. आणि नव्या खोलीने माजघराची खिडकी बुजणार नाही, हे आधी पाहावे.

विजेच्या बाबतीत आधी जुनी वायरिंग बदलावी आणि अर्थिंग तपासावे. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. छपरावर सौर पॅनेल बसवायचे असल्यास पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला 78 हजार रुपये अनुदान आहे.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी. घर वडिलांच्या नावावर होते आणि ते हयात नाहीत, तर ते घर एकट्या कमावत्या मुलाचे नाही. त्यात आईचा आठवा हिस्सा आहे, आणि उरलेल्यात भावाच्या निम्मा असा प्रत्येक बहिणीचा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव चढले म्हणजे मालकी मिळाली, असेही नाही. तो उतारा कर आकारणीसाठी असतो. तरीही एक भाऊ पैसे पाठवतो, मजला चढतो, बहिणी संकोचाने गप्प राहतात आणि वीस वर्षांनी त्यांची मुले कोर्टात समोरासमोर उभी राहतात. पैसा ज्याने घातला त्याला वाटते घर माझे. हिस्सा ज्यांचा बुडाला त्यांना वाटते आपल्याला फसवले. दोघांचाही जीव दुखावतो आणि येणेजाणे तुटते.

यावर उपाय एका बैठकीचा आहे. काम काढण्यापूर्वी आई, भाऊ, बहिणी सगळ्यांना एकत्र बसवा. जे परदेशी आहेत त्यांना फोनवर घ्या. शक्य असेल तर आधी हिस्से ठरवा. ते जमत नसेल, तर कोण किती खर्च करणार, तो खर्च भेट की कर्ज की हिश्श्यातून वळता, आणि नवे बांधकाम कोणाचे, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वकिलाकडून तो कागद रीतसर करून घ्या. सिमेंटची पहिली गोणी त्यानंतर आणावी.