मोठा यूपीएस कशाला? आधी वॉटचा हिशोब करा



घरातल्या एका कम्प्युटरवर ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, बिलिंगची कामं सुरू करायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "यूपीएस मोठाच घे, लाईनचा भरवसा नाही." चिखली असो की मेहकर, खेड्यापाड्यात लाईनचा भरवसा नाही हे खरंच. पण नवीन धंद्याचं भांडवल मोठ्या यूपीएसमध्ये अडकवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

यूपीएस कशासाठी असतो? दिवसभर दुकान चालवायला नाही. हातातलं काम पूर्ण करून कम्प्युटर नीट बंद करता यावा, एवढ्यासाठी असतो.

हिशोब सोपा आहे. साधा डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर मिळून १०० वॉटच्या आसपास खातात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. म्हणजे लोड आरामात पेलतो. त्यातली बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट, ७ एएचची असते, म्हणजे ८४ वॉट-तास. कागदावर पाऊण तासाच्या वर दिसतं, प्रत्यक्षात नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं धरा. एक फॉर्म सबमिट करून पावती सेव्ह करायला तेवढी पुरतात.

पण खरी गोम पुढं आहे. कम्प्युटर चालू राहिला आणि वायफायचा राउटर बंद पडला तर? पीक विम्याची शेवटची तारीख, समोर शेतकरी बसलेला, आणि पेज गोल गोल फिरतंय! राउटरला जेमतेम १०-१२ वॉट लागतात. त्याची पिन यूपीएसच्या बॅकअपवाल्या सॉकेटमध्येच लावा.

लेझर प्रिंटर मात्र तिथं चुकूनही लावू नका. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा हीटर एका झटक्यात शेकडो वॉट ओढतो. यूपीएस ट्रिप होतो आणि कम्प्युटरही बंद. प्रिंटरला सरळ भिंतीवरचा बोर्ड.

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं. म्हणून घेताना विचारा: "यात एव्हीआर आहे का?" म्हणजे व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी यूपीएस ते सांभाळतो, सारखा बॅटरीवर जात नाही. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

तास-दोन तास लाईन जात असेल तर? मग इन्व्हर्टर. घरी आधीच असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस मोड'वर ठेवा, म्हणजे लाईन जाताना कम्प्युटर रीस्टार्ट व्हायची शक्यता बरीच कमी होते.

बॅटरीवरची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गोदामात वर्षभर पडलेली बॅटरी नवीन नसते. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी मागता येत नाही. मलकापूर-खामगावकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर बसते, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी बदलायचा खर्च आत्ताच धंद्याच्या खर्चात धरा.

ग्राहक तुमचा यूपीएस किती व्हीएचा आहे हे विचारत नाही. "माझा फॉर्म गेला का?" एवढंच विचारतो. लाईन गेल्यावरही "हो, ही घ्या पावती" म्हणता आलं, की तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो. वाचलेले पैसे चांगल्या स्कॅनरमध्ये टाका, तो रोज कमावून देईल.