रुळांकाठचे गवत

संगणकावर आगगाडी चालवत बसलेला मुलगा दिसला, की आईबापांचे डोके तापते. अभ्यास सोडून हे काय खूळ, असे ते विचारतात आणि तासन् तास नुसती गाडीच पळवली जात असेल तर त्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु गाडी पळवणे वेगळे आणि ती गाडी ज्या मुलखातून धावते तो मुलूख संगणकात उभा करणे वेगळे. या दुसऱ्या कामात भूगोल आहे, गणित आहे, चित्रकला आहे. म्हणून आज त्याविषयी.

अशा खेळाला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असा खेळ २००१ साली आला. त्यात अमेरिका, युरोप आणि जपानमधले सहा मार्ग होते. भारतातला एकही नव्हता. झाडापानांच्या चित्रांसाठी ऋतूंप्रमाणे कप्पे होते. वसंत, पानगळ, हिवाळा, बर्फ असे सगळे होते, पण पावसाळ्याचा कप्पाच नव्हता! खेळात पाऊस पडायचा, पण पावसाने रान बदलायचे नाही. पुढे स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ नावाचा मोफत प्रोग्राम तयार केला. त्यात आपण स्वतः बनवलेला मार्गही चालवता येतो. म्हणजे आपला मुलूख आपणच मांडायचा आहे.

आमच्या लोणखेड्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर नंदुरबार नाहीतर दोंडाईचा गाठावे लागते. पण सुरत-भुसावळचा हा मार्ग मांडायला घ्या, म्हणजे काम किती बारकाईचे आहे ते कळेल. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिकडे डोंगर, साग आणि भाताची खाचरे. नंदुरबारच्या पुढे काळी जमीन, कापूस आणि बांधावरची बाभळ. हिवाळ्यात नंदुरबारजवळ मिरच्या वाळत घातल्या की जमीनच लाल दिसते. श्रावणात हिरवेगार असलेले गवत होळीपर्यंत पिवळे पडते आणि वैशाखात काळ्या जमिनीला भेगा पडतात. एकच हिरवा रंग सगळीकडे फासला तर ते खानदेश राहील का?

आता युक्ती सांगतो. संगणकात गवताची काडी न् काडी काढत नाहीत. तेवढे काम संगणकाला झेपत नाही. गवताच्या झुपक्याचा फोटो घेऊन त्याची मागची बाजू पारदर्शक करतात आणि तसली दोन चित्रे फुलीसारखी एकमेकांत उभी करतात. दूरचे झुपके दाखवतच नाहीत. जमिनीचे चित्र मात्र फरशीसारखे पुन्हा पुन्हा जोडावे लागते. एकच चित्र वापरले तर ठिगळे लगेच डोळ्यांत भरतात. म्हणून तीन-चार चित्रे आलटून पालटून लावावीत, झुपके लहानमोठे ठेवावेत आणि गवताच्या बुडाचा रंग मातीशी जुळवावा. फोटो ढगाळ दिवशी काढावा, म्हणजे सावल्या येत नाहीत.

चढउताराचे आकडे आकाशातून मिळाले आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत जगातील बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. ते आकडे आज मोफत मिळतात. पण त्यातले दोन बिंदू साधारण ३० मीटर अंतरावर असतात. रुळांखालचा भराव त्याहून अरुंद, म्हणून तो त्यात हरवतो. दाट जंगलात झाडांचे शेंडेही जमिनीच्या उंचीत मिसळतात. भराव, नाला, मोरी हे सगळे मग हाताने घडवावे लागते.

इथे कोण उपयोगी पडेल? ज्यांना पूर्वी गँगमन म्हणत आणि आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, ते. खडीत गवत वाढू देत नाहीत, रुळाकडेला पायवाट असते, पावसाळी चराशेजारी लव्हाळा माजतो, हे त्यांना तोंडपाठ असते. कुसळ कोणते, मारवेल कोणते आणि ते कोणत्या महिन्यात कापायचे, हे गवताचे भारे वाहिलेल्या आजीला विचारा. हे शहाणपण आपल्या घरांतून वर्षानुवर्षे आहे. त्याला कोणी प्रमाणपत्र दिले नाही, म्हणून मुलांनाही त्याची किंमत वाटत नाही. संगणकासमोर बसलेल्या नातवाला आजीला प्रश्न विचारावा लागला, तर ती किंमत त्याला कळेल.

तेव्हा पालकांनो, मुलाला नुसते रागावू नका. एका स्टेशनाच्या आसपासचा एक किलोमीटर मांडून दाखव, असे सांगा. वही, पेन्सिल आणि घरातला मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. फोटो मात्र रस्त्यावरून किंवा शेताच्या बांधावरून काढावेत. रुळांत शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि जिवाशीही खेळ आहे. तो एक किलोमीटर पुरा झाला, की आजीला शेजारी बसवून दाखवा. गवत चुकले असेल तर ती लगेच सांगेल.