घसा दुखतोय : थांबायचं की दवाखाना गाठायचा?



थंडी पडली की आमच्या फैजपुरात घरोघरी एकच तक्रार, "आजी, घसा दुखतोय." मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लगेच इंजेक्शन द्या. दुसरा म्हणतो, हळदीचं दूध पाजा, होईल बरं. मला दोन्ही पटत नाहीत. मी कॉमर्सची. आधी नोंदी नीट मांडाव्यात, मग हिशोब करावा.

नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, पण मूल खेळतंय, पाणी पितंय? मग बहुतेक वेळा तो विषाणूचा आजार असतो. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. कोमट पाणी, मऊ वरणभात, मोठ्या मुलाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आपल्याकडे मध चालत नाही, त्याने काही अडत नाही, सुंठ-खडीसाखर आहेच. आणि तापातल्या लेकराला रात्री उकळलेलं पाणी पाजायला कचरू नका. चौविहार मोठ्यांनी घेतलेला नियम आहे, आजारी बाळाचा नाही.

आता दुसरी बाजू. खोकला-सर्दी नाही, पण ताप चांगला चढलाय, गिळताना रडतं, गळ्याच्या गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, तर डॉक्टरांना दाखवाच. हा स्ट्रेप्टोकोकस जंतू असू शकतो. तो अंगात राहिला तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका जास्त. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं, तर तो टळतो. म्हणून "दोन दिवस बघू" ठीक, "पंधरा दिवस बघू" नाही.

श्वास घ्यायला त्रास, लाळ गळणं, तोंड न उघडणं, घशात राखाडी पापुद्रा, लघवी कमी होणं, यात तासभरही थांबू नका. 108 ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी तडक दवाखाना. राखाडी पापुद्रा म्हणजे घटसर्प असू शकतो. त्याची लस दीड आणि पाच वर्षांच्या सुमारासही द्यायची असते. कार्ड काढून बघा.

आणि एक आग्रहाचं. मागच्या खेपेची उरलेली गोळी पुन्हा देऊ नका. पाकिटावर लाल रेघ असली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले तर दहाच दिवस, चौथ्या दिवशी मूल हुंदडायला लागलं तरी. आणि डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक नको, तर फी वाया गेली असं समजू नका. फी तपासणीची असते, गोळ्यांची नव्हे.

घरचा काढा आणि डॉक्टर यांचं भांडण नाही. कोणाची पाळी कधी, एवढंच घरातल्या बाईला ओळखता यायला हवं.