पहिला पंधरवडा

अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून टोपिरामेट सुरू करताना आपण रुग्णाला काय सांगतो? हातापायांना मुंग्या येतील, भूक मंदावेल, शब्द पटकन आठवणार नाहीत. थोडे दिवस कळ काढा. मीही वर्षानुवर्षे एवढेच सांगत आलो. त्यात खोटे काही नाही. पण कळ काढू नये असा एक त्रास सांगायचा राहून जातो, आणि तो उद्भवतो नेमका याच दिवसांत.

या औषधाने क्वचित दोन्ही डोळ्यांत एकदम तीव्र काचबिंदू होतो. असे रुग्ण दिसू लागल्यावर 2001 मध्येच अमेरिकेत डॉक्टरांना इशारापत्र गेले होते. अर्धशिशीसाठी तिथे मान्यता मिळाली ती नंतर, 2004 मध्ये. बहुतेकांना त्रास पहिल्या दोन आठवड्यांत होतो, म्हणजे डोस अजून वाढवत असतानाच. सिलिअरी बॉडीला सूज येते, तिच्याभोवती पाणी साचते, भिंग आणि आयरिस पुढे ढकलले जातात. मायनस नंबर अचानक वाढून लांबचे धूसर दिसते. डोळे दुखतात, लाल होतात, मळमळते, डोके ठणकते.

आता चंदगडच्या एखाद्या वाडीवरून फोन येतो : "डॉक्टर, डोकं लई दुखतंय, उलटी होतीया." झटका समजून आपण 25 ची गोळी 50 करतो. गोळी वाढवण्याआधी एवढे विचारा : समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येते का? कालपर्यंत येत होते का?

नेत्रतज्ज्ञ मित्रांनाही विनंती. तरुण रुग्ण, दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलेला, असे दिसले की आधी औषधांची चिठ्ठी मागा. इथे बाहुलीपाशी अडथळा नसतो. त्यामुळे लेसर इरिडोटॉमीने काही साधत नाही आणि पायलोकार्पिनने उलट बिघडते. औषध थांबवणे, अॅट्रोपिन आणि दाब उतरवणारे थेंब, हा मार्ग. रुग्ण अपस्माराचा असेल तर न्यूरोलॉजिस्टशी त्याच दिवशी बोला. वेळेत थांबवले तर बहुतेकांची नजर परत येते. उशीर झालेल्या काहींची कायमची गेली आहे.

टोपिरामेटच्या प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत लिहा : 'अचानक धूसर दिसले किंवा डोळे दुखले, तर त्याच दिवशी डोळे दाखवा.' आणि असा रुग्ण आढळला, तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवा. क्रमांक 1800-180-3024.