"आवाज बसणारच" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका

पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं की अनेक पेशंट घोगऱ्या आवाजात विचारतात, "माझ्या आवाजाला काय झालं?" उत्तर ठरलेलं असतं: "नळी घातली होती ना, बसणारच. येईल दोन दिवसांत." बहुतेकांचा आवाज खरंच येतो. पण हे ऑपरेशनच्या आधी का सांगत नाहीत? आणि दोन दिवसांत आवाज आला नाही, तर कोणाला विचारायचं?

आधी नळीबद्दल. पूर्ण भूल दिल्यावर श्वास सुरक्षित राहावा म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. ती दोन स्वरतंतूंच्या मधूनच जाते, दुसरी वाट नाही. नळीच्या टोकाजवळचा छोटा फुगा हवेने फुगवून श्वासनलिका बंद करतात. नळी जाड असेल, फुग्यात दाब जास्त असेल किंवा ऑपरेशन लांबलं, तर तिथे सूज येते. म्हणून घसा दुखतो, आवाज बसतो. ही सूज काही दिवसांत उतरते.

पण प्रत्येक बसलेला आवाज म्हणजे सूज नव्हे. क्वचित स्वरतंतू हलवणारी नस दबते आणि एका बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो. कधी स्वरतंतूवर गाठ वाढते. कधी स्वरयंत्रातला छोटा सांधा सरकतो. तो लवकर ओळखला तर जागेवर बसवता येतो, उशीर झाला तर तसाच घट्ट होतो. अशा वेळी "येईल हळूहळू" म्हणत हळद-मिठाच्या गुळण्या करत राहणं म्हणजे उपचाराची वेळ हातची घालवणं.

काही डॉक्टर म्हणतात, "आधीच सांगितलं तर पेशंट घाबरतो." हे मला पटत नाही. जिवाचा धोका लिहिलेल्या संमतीपत्रावर आपण त्याची सही घेतोच ना? मग आवाज बसू शकतो, एवढं ऐकून तो पळून जाईल का? शिक्षिका, कीर्तनकार, भाजीविक्रेता यांचं पोट आवाजावर चालतं. ऑपरेशन पोटाचं आणि तक्रार घशाची, म्हणून ही तक्रार कोणाचीच राहत नाही. हे थांबायला हवं.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र तपासावं. पण नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा नळी घातली असेल, तर तेवढं थांबू नये.

म्हणून तुम्ही एवढं करा:

• ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना तुमचा व्यवसाय आणि आवाजाचा जुना त्रास सांगा. लहान मापाची नळी चालेल का, फुग्यातला दाब मोजणार का, हे विचारा.
• नंतर भरपूर पाणी प्या (डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर). ओरडू नका, कुजबुजूही नका. कुजबुजण्यानेही ताण येतो.
• आठवडाभरात सुधारणा दिसली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत तपासणी होते.
• पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा गिळताना खूप दुखत असेल, तर आठवडाही थांबू नका. श्वास घेताना घरघर होत असेल किंवा दम लागत असेल, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

नळीला घाबरून ऑपरेशन टाळू नका. ती तुमचा जीव सांभाळते. पण आवाजाबद्दल विचारणं हा तुमचा हक्क आहे, आणि सांगणं आम्हा डॉक्टरांचं काम आहे.